पाचवा हिस्सा

गंजगोलाईच्या मागं, दुसरा मजला, एकच हॉल.
त्यात बँकेच्या पाच कंपन्या
आणि पंखे तीन.

मी आवक-जावक. माझ्या खणात
शिक्के पाच, शाईची गादी एक.

खिडकीपाशी विमा.
कपाटाला पाठ लावून गोदाम; हिच्यात
उदगीरच्या डाळवाल्यांचे एकोणपन्नास टक्के,
म्हणून हिचीच खुर्ची तेवढी फिरती.
संगणकवाली दिवसभर कुणाशी बोलायची नाही.
चौथी इमारतवाली. हॉल तिच्या नावावर,
ती बाकीच्यांना भाडं लावायची.
बिल मी टाइप करायची, जावक नंबर टाकायची,
खाजामियाँ ते उचलून चार पावलं चालायचे,
वळायचे,
आणि मलाच आणून द्यायचे
आवक नंबर टाकायला.

पाचवी, तावरजा लीजिंग.
माणूस नाही, फोन नाही.
एक टेबल, वर काच, काचेखाली
कुठल्याशा खत कंपनीचं जुनं कॅलेंडर.
तरी एकतीस मार्चला तिचा ताळेबंद निघायचा,
सहीला तीन संचालक यायचे, चहा व्हायचा,
नफा निरंक, तोटा निरंक,
चहा बँकेच्या खात्यातून.

तावरजा ही मांजरेची उपनदी.
नकाशात निळी.
माझं माहेर तिच्या काठचं,
म्हणजे आम्ही तिच्या पात्रातून शाळेला जायचो
चपला न काढता.
उप म्हणजे जवळ, असं तिथंच शिकले होते.
उपवास म्हणजे जवळ राहणं.
कुणाच्या जवळ, ते गुरुजींनी
पुढच्या तासाला सांगतो म्हटलं होतं.

मग ते वर्ष आलं,
लातूरला पाणी रुळावरून आलं ते.
इमारतवालीनं टँकरचं बिल काढलं,
अठरा हजार सातशे. भागिले पाच.
मी म्हटलं, साहेब, पाचवीला घसाच नाही.
बाहेती साहेबांनी चष्मा काढला, पुसला,
परत घातला.
'कायद्यानं ती व्यक्ती आहे, शिवलीलाबाई.'
तीन हजार सातशे चाळीस.
तिचा चेक मीच लिहिला.
पावतीही मीच फाडली.

दुसऱ्या दिवशी अकराला
खाजामियाँनी तिच्या टेबलावर ग्लास ठेवला.
काठोकाठ.
आम्हाला तेव्हा अर्धाच मिळायचा.
'पैसे भरलेत की तिनं, म्याडम.
हक्काचं हाय.'
कुणी हसलं नाही.
विम्याच्या पोरानं एकदा हात लांबवला,
पंख्याखाली थोडा वेळ तसाच धरला,
मग खिशात घातला.
सहाला ग्लास रिकामा असायचा.
जिन्याखालच्या झेरॉक्सवालीचं लेकरू
त्या उन्हाळ्यात तिथंच झोपायचं, एवढं मला माहीत.
रजिस्टरात नोंद नाही.

पुढच्या भादव्यात हुकूम आला, विलीनीकरण.
गोदाम वाचली, डाळवाले अडून बसले म्हणून.
बाकीच्या चारही परत बँकेत.
एका दुपारी शिक्के रद्द करायचे ठरले,
खाजामियाँनी ब्लेड आणलं, अर्धं,
कागदात गुंडाळून.
विमा चिवट निघाली.
तावरजाचं रबर आधीच तडकलेलं,
पहिल्याच ओरखड्याला 'त' सुटून
माझ्या पदरावर पडला.
लाकडी मुठी त्यांनी नातीला नेल्या.
आता ती घरी सगळ्यांना मंजूर करते, म्हणाले.

काल हिशेबतपासनिसांचं पत्र आलं.
'तावरजा लीजिंग. कर्मचारी शून्य.
पाणी खर्च रुपये तीन हजार सातशे चाळीस.
खुलासा करावा.'

टेबल तर केव्हाच हललं.
बाहेती साहेब निवृत्त, मुलाकडं पुण्याला.
मी कागद लावला, तारीख घातली, लिहिलं:
सदर पाणी पिण्यात आले.

खाजामियाँ पत्र न्यायला येऊन उभे आहेत.
नेहमीसारखे, चार पावलांच्या तयारीत.
खाली शिक्का कुणाचा मारू,
तेवढं राहिलंय.